काठाला लाल धागा

टायपिंग मी हौसेनं शिकले. मॅट्रिक झाल्यावर कॉलेजात जायचं नाही, हे माझं मीच ठरवलं होतं. मला यंत्राचा नाद होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण अठ्ठावीस वर्षं टायपिंगचे क्लास चालवलेल्या बाईला लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की तुम्ही या लाइनीत कशा आलात. तर अशी आले.

नागपुरात, गांधीबागेत एका कापडदुकानाच्या माडीवर आमची इन्स्टिट्यूट होती. इन्स्टिट्यूट म्हणजे एक लांबट खोली, आठ मशिनी आणि भिंतीवर कळफलकाचा मोठा तक्ता. खाली दिवसभर कापडाचं थान फाडल्याचा आवाज, वर आमची खडखड. सकाळी मुलामुलींचे क्लास चालत आणि दुपारी जॉबवर्क. जॉबवर्क म्हणजे लोकांचे अर्ज, दाखले, प्रबंध टाइप करून देणं, असं नव्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात निम्मी गिऱ्हाइकं रिकाम्या हातांनी येत, समोरच्या बाकावर बसत आणि म्हणत, "बाई, तुम्हीच लिवा जी. कसं लिवाचं ते तुमालेच माहीत हाय."

मलाही ते माहीत आहे याचा अभिमान होता. माझ्याकडे एक हिरवी फाईल होती. तीत प्रत्येक प्रकारच्या अर्जाचा एकेक मसुदा, कार्बनची दुसरी प्रत म्हणून जपून ठेवलेला. रजेचा, बदलीचा, फी माफीचा, वसतिगृहाचा. गिऱ्हाईक आलं की फाईल उघडायची, नाव-गाव बदलायचं आणि हात चालवायचे. एक पोस्टातले गृहस्थ सात वर्षं दर उन्हाळ्यात नागपुरातून बदली मागण्याचा तोच अर्ज माझ्याकडून नेत. आठव्या वर्षी बदली झाली तेव्हा धावत माडी चढून आले आणि म्हणाले, "बाई, रद्द करायचा मसुदा आहे का हो?" तोही होता.

त्या फाईलमधलं सगळ्यात घासलेलं वाक्य म्हणजे 'मी एका गरीब परंतु अब्रूदार कुटुंबात जन्मलो'. इंग्रजीत ते फार भारदस्त दिसायचं. धंतोलीत दोन बंगले असलेल्या एका वकिलांचा मुलगासुद्धा माझ्या कागदावर गरीब परंतु अब्रूदार कुटुंबातच जन्मला. वकिलांनी वाचलं, मान डोलावली आणि सही केली.

जून उजाडला की कॉलेजवाल्या पोरांची गर्दी व्हायची. इथल्या कॉलेजांना मार्कांशी मतलब असे, पण बाहेरगावच्या संस्था, शिष्यवृत्तीवाले, काही वसतिगृहं एक पान जास्तीचं मागत. स्वतःबद्दल लिहा. तुम्ही कोण, तुम्हाला हेच का शिकायचंय, वगैरे. ते पान आलं की भलीभली हुशार पोरं माझ्यासमोर घाम पुसत बसायची. त्यांचाही दोष नाही. आमच्याकडे स्वतःबद्दल चार वाक्यं बोलणाऱ्याला घरचेच म्हणतात, फार शहाणा झाला. सतरा वर्षं गप्प बसवलेल्या पोराला एकदम पाचशे शब्द कुठून सुचणार? मग मी सुचवायची.

एका कापडवाल्यांच्या पोराला मी छंद सुचवला. फॉर्ममध्ये छंदाची जागा होती आणि पोराला जेवणाखेरीज कशाची आवड नव्हती. मी टाइप केलं, टपालाची तिकिटं गोळा करणं. नेमके मुलाखत घेणारे साहेब स्वतः तिकिटं जमवणारे निघाले. त्यांनी आनंदानं विचारलं, तुझ्याकडचं सगळ्यात मौल्यवान तिकीट कोणतं? पोरगा म्हणाला, पंचवीस पैशाचं. दुसऱ्या दिवशी त्याचे काका माडीवर आले. रागावले नाहीत. म्हणाले, "बाई, पुढच्या वेळी छंद जरा सोपा द्या." आम्ही दोघंही हसलो. त्या पोराचं वर्ष गेलं, हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही. ते घ्यायला शकुन यावी लागली.

आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. शकुन माझ्या सकाळच्या क्लासला यायची. टिमकीतली, विणकरांच्या घरची, सतरा वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. बोलणं कमी. पण बोटं अशी हलकी, की तिच्या हातून कधी दोन कळा एकात एक अडकल्या नाहीत. खिडकीजवळची सहा नंबरची मशीन तिची. एका दुपारी, क्लासची वेळ नसताना, ती फॉर्म घेऊन आली. कापडावरच्या नक्षीचं शिक्षण देणारी एक संस्था होती, नागपूरहून गाडीनं दीड दिवस लांब. तिच्या ड्रॉइंगच्या सरांनी फॉर्म मागवून दिला होता. मोजक्याच मुलांना घेत, राहणं-जेवण संस्थेचं.

"बाई, यात पाचशे शब्द लिवाचे हायेत," ती म्हणाली. "माह्याबद्दल. इंग्रजीत. मले इंग्रजी समजते, पण लिहाले जमत नाही."

"वडील काय करतात?"

"माग हाय घरी."

मला तेवढं पुरलं. मी कागद चढवला, हिरवी फाईल उघडण्याचीही गरज पडली नाही. अर्ध्या तासात पान तयार. गरीब परंतु अब्रूदार कुटुंब, लहानपणापासून कलेची ओढ, परंपरेचा वारसा, वडिलांचे या निर्णयाला संपूर्ण आशीर्वाद, राष्ट्राची सेवा. मी ते तिला मराठीत करून वाचून दाखवलं. ती मान खाली घालून ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "हे कोणाचं हाय?"

"तुझं, दुसऱ्या कोणाचं?"

"बरं," ती म्हणाली, आणि कागद वहीत घालून घेऊन गेली.

दोन दिवसांनी ती दाखल्यांच्या नकला टाइप करून घ्यायला आली. सोबत ते पान होतं. मी ते उचललं तर बोटाला काहीतरी लागलं. पानाच्या उजव्या काठाला तीन ठिकाणी लाल धागा होता. सुई आरपार घालून, बारीक गाठ मारून, एकेक बोटभर शेपूट सोडलेलं.

"हे काय गं?"

ती जरा चाचरली. मग तिनं सांगितलं ते असं. तिचे वडील नऊवारी पातळं विणायचे. विणताना कुठे धागा चुकला आणि तो उसवून दुरुस्त होण्यासारखा नसला, तर त्या जागी ते काठाला लाल धागा बांधत. पातळ घडी करून दुकानात गेलं तरी धागा बाहेर लोंबताना दिसायचा. घेणाऱ्याला न उलगडताही कळायचं, की इथे खोट आहे.

"बाबा म्हणतात, खोट होते. ते काही पाप नाही. पण घेणाऱ्याले माहीत पायजे."

मी पान पुन्हा पाहिलं. पहिला धागा 'गरीब परंतु अब्रूदार'च्या ओळीला, दुसरा 'लहानपणापासून'ला, तिसरा वडिलांच्या आशीर्वादाला.

मला फार राग आला. इतकी वर्षं मी कागद करून देत होते. कलेक्टर कचेरीतले बाबू माझा मसुदा पाहून 'हा बाईंचाच' असं ओळखायचे. आणि ही पोट्टी माझ्या पानाला खोटीचे धागे बांधून आणते. मी म्हणाले, "हा अर्ज आहे, पातळ नाही."

"हो बाई. पण तिकडं घेणारं कोणीतरी हायेच ना."

"मग ने तुझा कागद, आणि लिहून घे दुसऱ्या कोणाकडून."

ती गेली नाही. सहा नंबरच्या मशीनपुढे जाऊन बसली, झाकणही काढलं नाही. मी दोन गिऱ्हाइकांची कामं उरकली. एकाचं शपथपत्र होतं, त्यात मी कधी नव्हे ते दोन चुका केल्या. खोडरबरानं खोडताना कागद फाटला. तेव्हा मशीन बाजूला सारली आणि तिला हाक मारली.

"ये इकडे. सांग, गरीब का नाही?"

"आमच्या घरी दोन माग हायेत बाई," ती समजावल्यासारखं म्हणाली. "टिमकीत आमाले कोणी गरीब नाही म्हणत. बाबानं ऐकलं तं त्याईले वाईट वाटन."

"बरं. लहानपणापासून कलेची ओढ नाही?"

"नाही जी. लहानपणी मले मागाचा राग येये. खेळाले जाऊ द्यायचे नाहीत. मागच्या दिवाळीपासून वाटते असं."

"दिवाळीत काय झालं?"

मग तिनं सांगितलं. दिवाळीच्या आधी ती वडिलांबरोबर गांधीबागेत माल द्यायला आली होती. बहुधा आमच्याच खालच्या रांगेतलं कुठलं तरी दुकान. तिथे गिरणीच्या छापील साड्यांचा गठ्ठा फुटला होता आणि एका साडीच्या काठावर तिच्या वडिलांची नक्षी छापलेली होती. आंब्याच्या कोयरीत कोयरी, वडील ज्या वळणानं घालायचे त्याच वळणाची. फक्त कोयरीचं टोक उलट्या बाजूला. वडिलांनी साडी हातात घेतली, पाहिली, परत ठेवली.

"तवापासून मले वाटते बाई, कापडावर कोणतं चित्र यायचं ते कोणीतरी कुठंतरी बसून ठरवत असन. तो कोण हाय, कुठं बसते, ते मले पहायचं हाय. अन् तिथं मले बसायचं हाय."

अर्ध्या तासात पाचशे शब्द ठोकताना मी हा एक प्रश्न विचारला नव्हता. कापडवाल्यांचं ते पोरगं मला तेव्हा आठवलं. त्यालाही मी काही विचारलं नव्हतं. कोण जाणे, जेवणाबद्दल विचारलं असतं तर तो दोन पानं बोलला असता.

"आणि तिसरा धागा?"

तिनं फॉर्म पुढे सरकवला. फॉर्मच्या खाली पालकाच्या सहीची जागा होती, ती कोरी होती. "फारम बाबाले दाखवलाच नाही."

"का गं?"

"नाहीच म्हणतील. मंग इचारून काय फायदा?"

मी उठून माठातलं पाणी प्याले आणि म्हणाले, उद्या दुपारी ये, आपण पहिल्यापासून लिहू.

चार दुपारी आम्ही बसलो. शिकवण्याचा माझा अनुभव मोठा, पण ते चार दिवस मीच शिकत होते. माझे हात पुढे पळायचे. ती एक वाक्य बोलली की मी त्याचं भरजरी इंग्रजी करून मोकळी. मग वाचून दाखवलं की ती म्हणायची, "असं नाही बाई." सांधणीबद्दल ती सांगत होती तेव्हा मी मध्ये 'अद्भुत' अशा अर्थाचा शब्द घातला. ती म्हणाली, "अद्भुत नाही जी. बोटं दुखतात."

सांधणी म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळलं. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की विणकर तो पूर्ण काढून टाकत नाही. जुन्या ताण्याची टोकं राहू देतो आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या एकेका टोकाला पिळून जोडतो. गाठ मारायची नाही, नुसता पीळ. बोटं घसरू नयेत म्हणून चिमटीत राख घ्यायची. असे हजारांवर धागे. बारीक बोटांचं काम म्हणून घरातल्या पोरी हे करतात, आणि शकुन आठव्या वर्षापासून ते करत होती. तिनं सांगितलं, की त्यांच्या मागावरचा पहिला ताणा आजोबांनी चढवला होता. त्यानंतर दर वेळी जुन्याला नवा जोडतच आले, माग कधी पूर्ण रिकामा झालाच नाही. "म्हणजे अजूनबी आज्याच्याच धाग्याले धागा जोडून राहिली मी," ती म्हणाली आणि लाजून हसली. हे वाक्य मी तसंच्या तसं घेतलं, एक शब्द वाढवला नाही. माझ्या हातून वाक्य न सजवता टाइप झालं, त्याची ती पहिलीच वेळ असावी.

गरीब गेलं, लहानपण गेलं, राष्ट्राची सेवाही गेली. पाचशे शब्दही भरले नाहीत, चारशेच्या आसपास थांबलो. वडिलांच्या आशीर्वादाची ओळ मात्र मी सोडायला तयार नव्हते. मी तिला समजावलं, की मुलीला इतक्या लांब ठेवून घेणारी संस्था घरच्यांची संमती आहे ना, हे पाहणारच. ही ओळ नसेल तर बाकी कितीही चांगलं लिही, कागद बाजूला पडेल.

"मंग असू द्या," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पान घेऊन आली तर त्या ओळीला धागा होताच. आता एकच.

शेवटची तारीख तीन दिवसांवर आली होती. रजिस्टर पोस्टानं जायलाच तेवढे लागत. मी मशीनवर झाकण घातलं, दुपारच्या गिऱ्हाइकांना उद्या यायला सांगितलं आणि तिला म्हटलं, चल, तुझ्या घरी जाऊ. ती घाबरली. खरं तर मीही घाबरले होते. लोकांचे अर्ज मी हजारांनी लिहिले होते, पण ज्याच्याकडे अर्ज करायचा त्याच्या दारात कधी गेले नव्हते.

टिमकीत शिरलं की गल्लीच्या दोन्ही बाजूंनी मागांची खटखट ऐकू येई. शकुनच्या घरी पुढच्याच खोलीत माग होता. खड्ड्यात पाय सोडून तिचे वडील विणत होते. सीतारामजी, पन्नाशीचे, अंगानं काटक, डोळ्यांना दोऱ्यानं बांधलेला चष्मा. आई भिंतीशी बसून सुताच्या कांड्या भरत होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि सतरंजी टाकली.

"या बाई," सीतारामजी म्हणाले. "पोरगी सांगते, तुमच्या इथंबी असाच आवाज येते म्हणून."

मी म्हटलं, हो, पण आमच्या आवाजातून कापड निघत नाही. ते हसले, पण हात थांबवला नाही. मी फॉर्मबद्दल सांगितलं. संस्था कुठे, किती वर्षं, राहायची सोय काय. ते ऐकत होते आणि धोटा इकडून तिकडे जात होता. शकुन दारात उभी, जणू आत येण्याचीही परवानगी मागायची राहिली होती. मग मी पान काढलं आणि एकेक ओळ मराठीत करून वाचू लागले.

सांधणीचं आलं तसा धोटा थांबला. आजोबांच्या ताण्याची ओळ वाचली तेव्हा आईनं कांडी खाली ठेवली. छापील साडीची हकीकत मी जरा भीतभीतच वाचली. ती संपली. बाहेर दुसऱ्यांचे माग चालू होते, तेवढाच आवाज.

"राख कोणती ते नाही लिवलं," सीतारामजी म्हणाले.

"काय?"

"राख. गोवरीची पायजे, कपड्यातून चाळलेली. लाकडाची खरखरते, धागा काटते. वाचणाऱ्याले वाटन, कोणतीबी चालते."

मी पेन काढून समासात लिहून घेतलं, गोवरीची, चाळलेली. तेवढ्यात त्यांचं लक्ष पानाच्या काठाकडे गेलं. त्यांनी हात पुढे केला. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, पण धागा वाचता येत होता.

"इथं काय खोट हाय?"

मी शकुनकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. मला मसुदे सुचण्याची एवढी सवय, पण त्या क्षणी एकही सुचला नाही. मी सरळ सांगितलं, की तिथे लिहिलंय, माझ्या वडिलांचे या निर्णयाला संपूर्ण आशीर्वाद आहेत.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काय वं," ते पोरीला म्हणाले, "मले इचारलं काहून नाही?"

"तुमी नाही म्हटलं असतं."

"म्हटलंच असतं," ते म्हणाले. "तरीबी इचारायचं असते."

आई पहिल्यांदाच बोलली, माझ्याकडे न पाहता. "लय लंबा हाय वं बाई ते."

सीतारामजींनी पान मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, एवढ्या लंबा पोरीले धाडाले मी राजी नाही. तिची मायबी नाही. ते तं खरंच हाय. पण मी राजी नाही म्हणून तिनं जाऊ नये, असंबी मी म्हणत नाही. जाऊ दे तिले. हे लिवता येते का?"

"येतं," मी म्हटलं, "पण असं लिहिलं तर घेणार नाहीत." अठरा-वीस वर्षांचा माझा धंदा बोलत होता. कुठल्याही अर्जात 'राजी नाही' हे शब्द येऊ द्यायचे नसतात, हे मला शिकवावं लागत नव्हतं.

"मंग राहिलं," ते म्हणाले. "पण आशीर्वाद-गिशीर्वाद नका लिवू."

मी शकुनला विचारलं. जागा तिची जाणार होती, माझी नव्हे. ती दारातून आत आली, वडिलांच्या बाजूला मागाच्या कडेला बसली आणि म्हणाली, "तसंच लिवा बाई."

सीतारामजींनी फॉर्मवर मराठीत सही केली, एकेक अक्षर सावकाश. मग मागाच्या खाचेत ठेवलेली लहान कैची काढली, पानाच्या काठाची गाठ कापली आणि धागा ओढून घेतला. टाकून नाही दिला. बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यात ठेवला, जिथे त्यांचे बाकीचे तुकडे ठेवलेले होते.

मी माडीवर परत येऊन ते पान पुन्हा टाइप केलं. 'माझे वडील आणि आई मला इतक्या लांब पाठवायला राजी नाहीत. वडिलांनी मला जाऊ दिलं आहे.' इंग्रजीत ती दोन लहान वाक्यं झाली. ओळ संपताना मशीनची घंटी वाजते तशी वाजली, आणि मी कितीतरी वेळ कागद काढला नाही. हात शिवशिवत होते. एखादा 'तथापि', एखादं 'नम्रपणे' घालावं, ती ओळ जरा मऊ करावी, असं फार वाटलं. घातलं नाही. माझ्या कामाचा अभिमान वाटावा असे थोडे प्रसंग आहेत, त्यात मी काही न लिहिण्याचा हा एक आहे.

तिला मुलाखतीला बोलावणं आलं. सोबत सीतारामजी गेले. परत आल्यावर दोघंही माडी चढून सांगायला आले. मुलाखतीत त्या दोन ओळींवरच सगळ्यात जास्त बोलणं झालं म्हणे. शेवटी समितीतल्या एक बाई बाहेर बाकावर बसलेल्या सीतारामजींकडे आल्या आणि त्यांनी हिंदीत विचारलं, अजून राजी नाही का?

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"नाही म्हणलो," ते म्हणाले. "खोटं कायले बोलू? पण जागा चांगली हाय. झाडं लय हायेत."

शकुनला घेतलं. ती गेली तेव्हा स्टेशनवर मी नव्हते, सकाळचा क्लास होता. सहा नंबरची मशीन त्या दिवशी मी कुणाला दिली नाही. ती शिकली, तिकडेच कामाला लागली, आता कापडावर कोणतं चित्र यायचं ते ठरवणाऱ्यांत बसते. टिमकीतला एक माग पुढे बंद झाला. दुसऱ्यावर सीतारामजी अजून बसतात, डोळे साथ देतील तेवढा वेळ. दिवाळीत शकुन घरी येते तेव्हा प्रतापनगरला माझ्या घरी चक्कर मारते आणि मी तिला पाठवलेल्या इंग्रजी पत्रांतल्या भरजरी शब्दांना अजून हसते.

तिच्यानंतर मी टेबलाच्या खणात लाल धाग्याची रीळ आणि सुई ठेवू लागले. कॉलेजचा फॉर्म घेऊन कुणी आलं की आधी बोलू द्यायची, मग लिहायची, आणि पान झालं की सुई हातात देऊन सांगायची, जिथे खोटं वाटतं तिथे धागा बांध. काही पोरं हसायची, काही पालक चिडायचे. एका पोरानं दर ओळीला धागा बांधला, पानाला झालरच लागली. त्याच्याशी बोलल्यावर कळलं, की डॉक्टर व्हायचं त्याच्या वडिलांना होतं. सगळ्यांना प्रवेश मिळाले असं नाही. बऱ्याच जणांना नाही मिळाले, आणि त्यांतल्या काहींना माझ्या जुन्या मसुद्यानं मिळाले असते, हेही मला ठाऊक आहे. त्याचं वाईट वाटतं.

दोन वर्षांपूर्वी इन्स्टिट्यूट बंद केली. हिरवी फाईल घरी आणली. ती चाळताना तळाशी एक कागद निघाला, माझाच. कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म, विज्ञान शाखेचा, सगळा भरलेला, शाई फिकी पडलेली. खाली पालकाच्या सहीची जागा कोरी.

तेव्हा हा लेख पाठवताना मी हस्तलिखिताच्या काठाला एक लाल धागा बांधते आहे. छापताना तो निघून जाईल, म्हणून कुठे बांधला ते सांगून ठेवते. पहिल्याच परिच्छेदाला, जिथे मी म्हटलंय की टायपिंग हौसेनं शिकले आणि कॉलेजात जायचं नाही हे माझं मी ठरवलं. तो फॉर्म मी स्वतः आणला होता, स्वतः भरला होता. तीन आठवडे पुस्तकात लपवून ठेवला आणि तारीख जाऊ दिली. वडील नाहीच म्हणतील, असं धरून मी त्यांना कधी विचारलंच नाही. ते नाही म्हणाले असते की जा म्हणाले असते, हे सांगायला आता ते नाहीत.